खालचा ठोका

मेस्त्री किल्ली मागत नाहीत. आधी बॉनेट उघडायला लावतात आणि टॅपेट कव्हरवर उघडा तळवा ठेवतात, पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. पत्रा गार आहे.

"रात्रभर हलवली न्हाई नव्हं?"

"नाही मेस्त्री. काल संध्याकाळी तुमच्याच दारात लावून गेलो."

"मग झालं. गार इंजिन दिवसातनं एकदाच मिळतंय, सर. ते वाया घालवायचं न्हाई."

सकाळचे साडेआठ वाजलेत. कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरातली ही गल्ली अजून पुरती जागी नाही, निम्मी शटरं खाली आहेत. पलीकडच्या लेथवर कुणीतरी पहिला जॉब लावतंय. मेस्त्रींचं गॅरेज म्हणजे पत्र्याची एक शेड, मधोमध एक खड्डा आणि भिंतीवर मापाप्रमाणे टांगलेले पाने. माझी गाडी खड्ड्यावर उभी आहे. १९९७ची मारुती आठशे, कार्ब्युरेटरवाली, तीन सिलिंडर, ७९६ सीसी. हिच्यातून मी रोज गारगोटीला शाळेत जातो-येतो, आणि ही गाडी मला प्रिय आहे.

ठोका पहिल्यांदा ऐकला दोन महिन्यांपूर्वी, वैभववाडीहून परत येताना, करूळच्या घाटात. चढाला गाडी ओढताना पायाखालून ठक, ठक, ठक. मला वाटलं, पेट्रोलचा नॉक असेल. सिलिंडरमधलं पेट्रोल आणि हवेचं मिश्रण प्लगच्या ठिणगीपासून शिस्तीत जळत जाण्याऐवजी एखाद्या कोपऱ्यात आपणहून भडकलं, की डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. टायमिंग पुढे गेलेलं असलं किंवा पिस्टनच्या माथ्यावर काजळी साचलेली असली की हे होतं, आणि होतं ते बहुतेक चढावर, ओझ्याखाली. पण माझा ठोका घाट संपल्यावरही राहिला. पुढे सिग्नलला उभ्या गाडीतही येऊ लागला. एका गॅरेजात दाखवली. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधीच निदान सांगितलं, टॅपेट. टॅपेट जुळवून दिले. आठवड्याने परत गेलो, परत जुळवून दिले. "चालवा बिनधास्त," म्हणाले. मी चालवली. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा गाडी तापल्यावर अधूनमधून लुकलुकायचा, तेही मी चालवून घेतलं. ही माझी चूक, आणि ती मी मेस्त्रींना आल्या आल्याच सांगून टाकलेली आहे.

"दिवा लुकलुकतोय म्हणालासा?" एवढंच त्यांनी दोनदा विचारलं होतं.

आता ते मनगटावरचं घड्याळ काढतात, बोटातली अंगठी काढून खिशात टाकतात. त्यांचा भाचा ड्रायव्हरच्या सीटवर बसलाय. आयटीआयला मोटार मेकॅनिकचा ट्रेड करून गेल्या वर्षीपासून तो मामांच्या हाताखाली आहे.

"मार सेल्फ. रेस द्यायची न्हाई."

इंजिन दुसऱ्या फिरकीला सुरू होतं. पहिले दोन सेकंद आतून एक खडखड येते आणि लगेच ओसरते. मेस्त्री माझ्याकडे बघतात. "ऐकलासा? ऑइल वर पोचोस्तवर वाजलं." मग खाली मान घालून नुसते उभे राहतात. कुठलंही हत्यार हातात घेत नाहीत. दोन मिनिटं, तीन मिनिटं. गार असताना ठोका इतका बारीक आहे की मलाच शंका येते, आपण उगाच आलो की काय.

"पिस्टन न्हवं," ते म्हणतात. पिस्टन सिलिंडरात सैल झाला असता तर आत्ता, गारठ्यात, जास्त आपटला असता आणि तापून फुगल्यावर गप्प झाला असता. हे इंजिन उलटं वागतंय. गार असताना गप्प, तापलं की बोलतं. म्हणजे जिथं घट्ट ऑइलाने सांभाळून घेतलेलं आहे आणि पातळ ऑइलाला सांभाळता येत नाही, अशी जागा शोधायची.

गाडी तापेपर्यंत भाचा फॅन बेल्ट उतरवतो आणि अर्धा मिनिट इंजिन तसंच चालवतो. आवाज जागेवर. म्हणजे डायनामो नाही, पाण्याचा पंप नाही. सायलेन्सरचा पत्रा हाताने हलवून बघतो, घट्ट आहे. फाउंडेशनची रबरं बघतो, ठीक आहेत. हे सगळं पाच-सात मिनिटांत उरकतं, पण वगळलं जात नाही. सैल पुलीचा आवाज रॉडचा म्हणून मालकाला इंजिन खोलायला लावल्याच्या दोन गोष्टी मेस्त्री या वेळात सांगतात. नावं घेत नाहीत.

बेल्ट पुन्हा चढतो. इंजिन आता चांगलं तापलंय आणि ठोका उघडा झालाय. मेस्त्री भिंतीवरून एक लांब स्क्रू ड्रायव्हर काढतात. हात-दीड हात लांबीचा, लाकडी मुठीचा, मूठ झिजून गुळगुळीत झालेली. टोक ब्लॉकच्या खालच्या कडेला टेकवतात, आणि मूठ कानाच्या भोकाशी नाही, कानामागच्या हाडाला लावतात. डोळे मिटतात. टोक दोन बोटं सरकवतात. परत डोळे मिटतात.

"मामांना वरचं ऐकू येत न्हाई," भाचा मला हळूच सांगतो.

मेस्त्री डोळे उघडतात, त्यांना ओठांवरून कळतं. "खरं हाय त्ये. चाळीस वर्सं ग्राइंडर, हातोडा, मोकळे सायलेन्सर. बारीक आवाज गेलं सगळं. चिमणी येत न्हाई, टॅपेट येत न्हाई. जाड आवाज मातर हाडातनं येतो." सतत गोंगाटात काम करणाऱ्या माणसाचं ऐकणं असंच जातं, उंच पट्टीचे आवाज आधी. त्यांनी हे लपवलेलं नाही, त्यावर काम बसवलंय. स्क्रू ड्रायव्हर मामांचा आणि रबरी नळी भाच्याची. नळीचं एक टोक कानात घालून भाचा दुसरं टोक टॅपेट कव्हरवरून फिरवतो, एकेका सिलिंडरवर थांबत.

"वर टिकटिक हाय, मामा. शिवणाच्या मशीनसारखी. पर सारखी हाय, तिन्हीकडं सारखी."

"ठोका हाय काय तिथं?"

"लांबनं यालाय. इथला न्हाई."

"खालनं वाजालंय," मेस्त्री म्हणतात.

मला वाटतं निदान झालं. त्यांचं मात्र समाधान नाही. ते कार्ब्युरेटरचा स्लोचा स्क्रू थोडा मागे घेतात. इंजिन इतकं मंदावतं की आता बंद पडेल असं वाटावं. भाचा टायमिंग लाइटची क्लिप एक नंबरच्या प्लगच्या वायरीला लावतो. एक नंबरला ठिणगी पडली की लाइट चमकतो, म्हणजे क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा. टॅपेट हलवणारा कॅमशाफ्टही क्रँकच्या निम्म्याच गतीने फिरतो. टॅपेटचा ठोका असेल तर तो लाइटच्या बरोबरीने पडेल. क्रँकवरचा असेल तर एका चमकेला दोन पडतील.

मेस्त्री डाव्या हाताने मूठ हाडाला दाबून धरतात आणि उजव्या हाताचं बोट मडगार्डवर वाजवू लागतात. आधी चुकतं. थांबतात, परत धरतात. मग बोट बसतं. ढोलकीवाला ठेका धरून एकदम दुप्पट उचलतो तसं. भाच्याच्या हातातला लाइट चमकतोय, आणि दर चमकेला मडगार्डवर दोन टिचक्या पडताहेत. मी मोजायचा प्रयत्न करतो. मला मोजता येत नाही, पण जोडी दिसते. दिसते आणि ऐकूही येते.

दोन महिने मी हा आवाज ऐकतोय, आणि तो कशाच्या चालीवर पडतोय हे बघायचं मला सुचलंच नव्हतं. टॅपेट जुळवणाऱ्यालाही नाही.

मेस्त्री हे सावकाश फिरणाऱ्या ऑइल इंजिनांवर शिकले, नदीकाठच्या उसाला पाणी चढवणाऱ्या. एकच सिलिंडर, एकेक ठोका मोकळा. तिथं कान मोजायला शिकतो, असं ते म्हणतात, आणि मला पटतं.

आता कुठला सिलिंडर ते बघायचं. भाचा प्लास्टिकच्या मुठीची पक्कड घेऊन एक नंबर प्लगची टोपी उपसतो आणि तिचं टोक इंजिनच्या लोखंडाला टेकवून धरतो, म्हणजे ठिणगी तिथंच मुरेल. इंजिन थरथरतं. तीन पायांच्या तिवईचा एक पाय काढल्यासारखं सगळं शरीर डुलायला लागतं. ठोका तसाच. एक नंबर बसवून तीन नंबर काढतो. डुलणं तेच, ठोकाही तोच. मग दोन नंबर.

ठोका विरतो. पुरता जात नाही, पण जाड कापड घातल्यासारखा होतो.

असं का होतं ते मेस्त्री नंतर चहा पिताना हाताने दाखवतात, एका मुठीवर दुसरी आपटून. सिलिंडरात भडका उडाला की पिस्टन खाली ढकलला जातो, त्याच्याबरोबर कनेक्टिंग रॉड. रॉडचं खालचं टोक क्रँकच्या पिनेला धरून असतं. तिथं बेरिंग झिजून फट पडली असेल तर दर फेरीला रॉड ती फट ओलांडून पिनेवर आदळतो, भडक्याला सगळ्यात जोरात. भडकाच बंद केला की आदळणं मऊ पडतं. घाट चढताना या एवढ्याशा पिस्टनच्या माथ्यावर, साडेअडुसष्ट मिलिमीटर व्यासाच्या, टनाच्या वर भार येतो. इंजिन ३००० फेऱ्यांवर असेल तर तो सेकंदाला पंचवीस वेळा येतो. मी करूळच्या घाटात दुसऱ्या गियरला होतो, ते आठवून माझ्या पोटात कालवतं.

पण चहा नंतर. आत्ता मेस्त्री भाच्याला म्हणतात, "जा, तोंड भिंतीकडं कर."

तो निमूट शेडच्या टोकाला जाऊन पाठ करून उभा राहतो. ही त्यांची रोजची रीत दिसते. मेस्त्री स्वतः पक्कड घेतात. तीन नंबर काढतात. भाचा हलत नाही. बसवतात. थोडं थांबतात. एक नंबर काढतात. तो हलत नाही. मेस्त्री नुसतीच दोन नंबरच्या टोपीवर पक्कड ठेवतात, काढत नाहीत. तरी नाही. मग उपसतात.

हात वर.

"घाल." हात खाली. परत उपसतात, परत वर. चार वेळा, वेगवेगळ्या क्रमाने, मध्ये फसवून. पोरगा एकदाही चुकत नाही. मेस्त्री शाबासकी देत नाहीत, पक्कड त्याच्या हातात देतात. वर्गात मी पोरांची परीक्षा घेतो. इतकी चांगली परीक्षा मी कधी घेतलेली नाही.

"बंद कर. आता रेस न्हाई, चालू ठेवायचं न्हाई. गेज लावू."

ऑइलचा स्विच काढून त्या जागी दाबाचं गेज बसतं. अगदी थोडा वेळ इंजिन चालू करतात. स्लोला काटा जेमतेम अर्ध्या किलोवर लोळतो. ३००० फेऱ्यांना तीनच्या वर जायला हवा, तो दीडवरच दम तोडतो. मेस्त्री हात आडवा करतात, भाचा किल्ली फिरवतो. त्या शांततेत पलीकडची लेथ एकदम मोठी ऐकू येते.

"पट्टीवर ऑइल पुरं होतं की," मी म्हणतो. मी दर रविवारी पट्टी बघायचो.

"चेंबरात हाय, सर. वर चढंना झालंय."

ऑइल काढतात ते पांढऱ्या स्वच्छ ट्रेमध्ये. भाचा बॅटरी तिरपी धरतो. काळ्या ऑइलात बारीक चमक फिरते, देवीच्या मळवटातल्या चमकीसारखी. लोहचुंबक फिरवला तरी तिला ओढ लागत नाही. लोखंड नाही म्हणजे, बेरिंगचा धातू. फिल्टरचा डबा कापायला करवत वापरू देत नाहीत, करवतीचा कीस आत पडतो आणि मग कुणाचा कीस कुणाला कळणार. पत्र्याच्या कात्रीने कड कापून आतल्या कागदाच्या चुण्या उलगडतात. प्रत्येक घडीत तांबूस चुरा.

दुपारी बाराला भाचा खड्ड्यात उतरतो. सायलेन्सरचा पुढचा पाइप सुटतो, क्लचखालचा पत्रा सुटतो, मग इंजिनाच्या तळच्या ऑइलच्या चेंबरचे बोल्ट एकामागून एक. चेंबर मात्र सुटत नाही. कडेने करड्या सिलिकॉनचा जाड थर आहे, पॅकिंगच्या आत-बाहेर ओघळलेला. गेल्या वर्षी ऑइल गळत होतं म्हणून एका ठिकाणी नवं पॅकिंग बसवून घेतलं होतं. गळती थांबली तेव्हा मी खूश होतो.

चेंबर खाली येतं आणि मेस्त्री पहिल्यांदा स्वतः खड्ड्यात उतरतात. "या, सर. बघा."

मी उतरतो. डोक्यावर इंजिनाचं पोट उघडं आहे. ऑइल शोषणारी नळी खाली आलेली आहे आणि तिच्या तोंडाला बशीएवढी जाळी. जाळी दिसतच नाही. तिच्यावर करड्या रबरासारखे तुकडे चिकटलेत, शेवयांसारखे लांबट, काही गोळा झालेले, त्यांच्यात काळा चिखल मुरलेला. पॅकिंगच्या आतल्या बाजूला पिळलेलं जास्तीचं सिलिकॉन तुटून तुटून ऑइलात पडलं आणि पंपाने ते इमानाने जाळीपर्यंत ओढून आणलं. मेस्त्री नखाने एक तुकडा सोडवतात आणि माझ्या तळव्यावर ठेवतात. भिजवलेल्या मुगाएवढा आहे. दाबला तर दबतो.

"बोटभर लावायचं तिथं मूठभर लावलंय," ते म्हणतात. राग दिसत नाही, दुःख दिसतं.

मग ते माझा हात धरतात आणि मधल्या कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकावर ठेवतात. "धरा. आता वर-खाली करा."

मी रॉड वर ढकलतो.

टक.

खाली ओढतो. टक.

इतका लहान आवाज. दोन महिने गाडीच्या पत्र्यांतून, सीटमधून, घाटाच्या भिंतीवर आपटून परत येणारा तो आवाज बोटांच्या चिमटीत इतका लहान आहे. डोळ्यांना हालचाल दिसतही नाही. पिन आणि बेरिंग यांच्यामध्ये चांगल्या इंजिनात जी जागा असते ती केसाच्या जाडीहूनही कमी. ती रिकामी नसते, तिथं दाबाखालचं ऑइल असतं, आणि पिन बेरिंगला न टेकता त्या ऑइलावर तरंगत फिरते. ऑइल आटलं की धातूला धातू लागतो. मी एक नंबरचा रॉड हलवून बघतो. तो आडवा जरासा सरकतो, वर-खाली हलत नाही, आवाज नाही. आता मला फरक कळतो, माझ्या हाताला.

भाचा मधल्या रॉडच्या कॅपचे दोन नट सोडवतो. कॅप हातोडीच्या मुठीने हलकेच ठोकून उतरते. तिच्यात अर्धगोल पट्टी बसलेली आहे, बेरिंगचा निम्मा भाग. मेस्त्री ती चिंधीने पुसतात आणि दाराशी उजेडात नेतात. चांगल्या बेरिंगची आतली बाजू एकसारखी करडी, मंद असते. वरचा मऊ पांढऱ्या धातूचा पापुद्रा अगदी पातळ असतो, त्याच्याखाली तांब्याचा थर आणि पाठीला पोलाद. या पट्टीच्या मधोमध पापुद्रा नाही. तांबं उघडं पडलंय, घासून घासून लखलखीत, जुन्या घागरीला आतून असतं तसं. कडेला थोडा करडा रंग शिल्लक आहे. उभ्या रेघा आहेत, आणि एका रेघेत एक काळा कण अजून रुतलेला.

मी ती पट्टी हातात घेतो. करंगळीला अंगठी म्हणून घालावी इतकी हलकी. टॅपेट दोनदा जुळवणाऱ्यांचा मला राग येतो. ऐकलं असतं तर त्यांनाही कळलं असतं, हे मला आज सकाळपासून दिसतंय.

"आता पिन," मेस्त्री म्हणतात. सगळा खर्च आता तिच्यावर आहे. पिन साबूत असेल तर नवी बेरिंग घालून काम भागेल. पिनेला रेघ पडली असेल तर क्रँक बाहेर काढायचा, लेथवाल्याकडे ग्राइंड करून घ्यायचा आणि मापाने जाड बेरिंग बसवायची.

ते पिन पुसून तिच्यावरून अंगठ्याचं नख आडवं ओढतात. पुन्हा ओढतात. त्यांचं नख जाड, चिरलेलं, कडेला ऑइल कायमचं मुरलेलं. मान हलवतात, काही लागत नाही म्हणून. मग थांबतात, आणि भाच्याला पुढे करतात.

"तू बघ."

पोरगा नख लावतो. निम्म्यात त्याचं बोट थबकतं. जागा सोडून पुन्हा येतो, पुन्हा तिथंच थबकतं.

"अडकालंय, मामा."

"किती ठिकाणी?"

"एकच. न्हाई, दोन. ही बारीक हाय."

मेस्त्री मायक्रोमीटर मागतात. पिनेचं माप एकदा उभं घेतात, एकदा आडवं, मग कडेला, आणि प्रत्येक आकडा भाचा खड्ड्याच्या भिंतीवर खडूने लिहितो. आकडे जुळत नाहीत. पिन गोल राहिलेली नाही. मेस्त्री मायक्रोमीटर पुसून डबीत ठेवतात आणि माझ्याकडे वळतात.

"क्रँक काढायला लागंल, सर. पाव मिलिमीटर घासून घेऊ. सगळा खर्च लिहून देतो, मग तुम्ही सांगा."

"काढा," मी म्हणतो.

"आधी बाकीची दोन बघू. एकाला उपास घडला म्हणजे शेजाऱ्यालाबी घडला असंल." ते भाच्याकडे बघतात. "तीन नंबर उघड. कॅपची खूण बघून ठेव, उलटी बसवायची न्हाई."

भाचा पाना लावतो. पहिला नट करकरत सुटतो. मेस्त्री चिंधीने हात पुसतात आणि तळवा पसरून खाली धरतात.